टेम्सकाठच्या जुन्या हॉटेलात मुक्काम: आधी काय विचारायचं, मग काय करायचं

मुलगा किंवा मुलगी इंग्लंडमधल्या स्लाउ-रेडिंग पट्ट्यात नोकरीला, आई-बाबा उन्हाळ्यात महिनाभर आलेले, आणि त्यांना दोन रात्री नदीकाठच्या जुन्या हॉटेलात न्यायचं ठरतं. फोटो बघून बुकिंग होतं, पैसे भरले जातात. तिथे पोचल्यावर कळतं की खोली वरच्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, खिडकीतून पार्किंग दिसतं आणि रात्री नऊनंतर स्वयंपाकघर बंद. हॉटेलने यातलं काही लपवलेलं नसतं, पण आपण ते विचारलेलंही नसतं.

साखळी हॉटेलांत एक खोली पाहिली की सगळ्या पाहिल्या. जुन्या वास्तूत तसं नसतं. एकाच दराच्या दोन खोल्यांमध्ये जिना, खिडकी, पलंग, बाथरूम सगळं वेगळं असू शकतं. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा: आधी तारीख, मग खोली, मग प्रश्न, लेखी उत्तर, आणि त्यानंतरच पैसे. बहुतेक घोळ हा क्रम उलटा झाल्यामुळे होतो.

उदाहरणासाठी मी मार्लो धरलं आहे. बकिंगहॅमशरमधलं हे टेम्सकाठचं गाव. इथे १८३२ सालचा झुलता पूल आहे आणि पुलाच्या दक्षिण टोकाला, नदीवरच्या बंधाऱ्याला लागून, ‘कम्प्लीट अँग्लर’ हे जुनं हॉटेल आहे. हेन्ली किंवा विंडसरला जाणार असाल तरी टप्पे हेच.

## १. तारीख ठरवा, पण स्थानिक दिनदर्शिका बघून

आधी हे दिवस बाजूला काढा: मेचा पहिला आणि शेवटचा सोमवार आणि ऑगस्टचा शेवटचा सोमवार. या बँक हॉलिडेंना जोडून येणारे शनिवार-रविवार नदीकाठी सर्वात महाग असतात. जूनच्या मध्यानंतर पाच दिवस रॉयल अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यती असतात. जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला हेन्लीला सहा दिवस रॉयल रेगाटा, म्हणजे वल्ह्याच्या नावांच्या शर्यती असतात. या दोन्ही वेळी फक्त त्या गावातलीच नव्हे, तर आसपासच्या सगळ्या नदीकाठच्या गावांतली हॉटेलं भरतात.

शनिवारी आणखी एक अडचण असते, ती म्हणजे लग्नं. नदीकाठची हॉटेलं हिरवळीवर लग्नसमारंभ घेतात. त्या दिवशी हिरवळ पाहुण्यांसाठी राखीव, रात्री संगीत आणि सकाळी नाश्त्याला रांग. ‘त्या दिवशी लग्न किंवा खासगी समारंभ आहे का?’ हा प्रश्न विचारलात तर हॉटेल सरळ सांगतं.

रविवारची रात्र सहसा स्वस्त पडते. पण रविवारी संध्याकाळी अनेक ठिकाणी स्वयंपाकघर लवकर आवरतं, कारण त्यांचा सगळा भर दुपारच्या संडे रोस्टवर असतो. स्वस्त मिळालं म्हणून रविवार घेतलात तर रात्रीच्या जेवणाची सोय आधी लावा.

दिवस किती मोठा आहे तेही बघा. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो आणि खोली मिळते तीन वाजता. एका रात्रीसाठी नदी दिसणाऱ्या खोलीचे जादा पैसे भरलेत तर नदी जेमतेम तासभर दिसेल. जूनमध्ये उलटं: रात्री सव्वानऊपर्यंत उजेड आणि पहाटे पावणेपाचला पुन्हा लख्ख. माझं मत विचाराल तर मे महिन्यातले मधले वार किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. तेव्हा दरही बरे असतात आणि बाहेर बसताही येतं.

तपासा: तारीख पक्की करण्याआधी रविवारच्या रेल्वेगाड्या बघा. दुरुस्तीची कामं बरेचदा रविवारी काढतात आणि गाडीऐवजी बस सोडतात.

## २. खोलीचं नाव नीट वाचा

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

पलंग. ‘डबल’ म्हणजे साडेचार फूट रुंदीचा एकच पलंग. दोन मोठ्या माणसांना तो अपुरा वाटतो. ‘किंग’ पाच फुटी, ‘सुपर किंग’ सहा फुटी. ‘ट्विन’ म्हणजे दोन सुटे पलंग, प्रत्येकी तीन फुटी. आई-बाबांना सुटे पलंग हवे असतील तर ‘डबल’ घेऊन तिथे गेल्यावर बदलून मागू नका, बहुधा मिळत नाहीत. काही हॉटेलांत ‘झिप अँड लिंक’ पलंग असतात: दोन सुटे पलंग जोडून एक मोठा होतो. ते आहेत का हे विचारून ठेवलंत तर दोन्ही पर्याय खुले राहतात.

तिसरं माणूस. आपल्याकडे ‘एक गादी टाका खाली’ म्हटलं की काम होतं. इथे होत नाही. खोलीत किती जण झोपू शकतात ही संख्या ठरलेली असते आणि आगीच्या नियमांशी तिचा संबंध असतो. आजी किंवा मूल जास्त असेल तर ते बुकिंगमध्येच दाखवा. जुन्या इमारतीत जादा पलंग बसेल अशा खोल्या मोजक्याच असतात आणि त्या आधी जातात.

‘रिव्हर व्ह्यू’ आणि ‘रिव्हरसाइड’. पहिल्याचा अर्थ खोलीतून नदी दिसते. दुसऱ्याचा अर्थ हॉटेल नदीकाठी आहे, इतकाच असू शकतो. नदी दिसते म्हणजे पलंगावर बसून दिसते, की खिडकीला नाक लावून डावीकडे मान वळवल्यावर? त्यासाठी खोलीचा नंबर विचारा आणि त्याच खोलीच्या खिडकीतून काढलेला फोटो मागा. लहान हॉटेलं आनंदाने पाठवतात.

आवाज. बंधाऱ्याजवळच्या खोल्यांत पाण्याचा घोष रात्रभर चालू असतो. मार्लोला तो चांगलाच ऐकू येतो. कुणाला त्याने गाढ झोप लागते, कुणाचा डोळ्याला डोळा लागत नाही. घरातल्या माणसांची सवय तुम्हालाच माहीत. झोप सावध असेल तर बंधाऱ्यापासून लांबची बाजू मागा. मात्र ती बाजू रस्त्याची नाही ना, हेही त्याच दमात विचारा.

जिने, लिफ्ट आणि उकाडा. अशा अनेक इमारती ‘लिस्टेड’ असतात, म्हणजे कायद्याने संरक्षित वारसावास्तू. लिफ्ट बसवणं, भिंत पाडणं, खिडक्या बदलणं यांना वेगळी परवानगी लागते. म्हणूनच लिफ्ट नसते किंवा फक्त नव्या भागात असते. जिने अरुंद आणि चढे, आणि वाटेत मध्येच दोन पायऱ्या वर, तीन खाली. काचा एकेरी, म्हणून हिवाळ्यात खिडकीजवळ गारठा. एसी बहुतेक नसतोच. २०२२ च्या जुलैत इंग्लंडमध्ये पारा ४० अंशांच्या वर गेला होता. अशा उन्हाळ्यात छताखालच्या खोल्या तापतात. जुलै-ऑगस्टात जात असाल तर पंखा मिळेल का ते विचारा आणि सर्वात वरचा मजला टाळा.

सावधान: ‘लिफ्ट आहे का?’ एवढंच विचारू नका. ‘मुख्य दारापासून माझ्या खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ मिळतं आणि मग लिफ्टपासून खोलीपर्यंत आठ पायऱ्या निघतात. गुडघेदुखी असलेल्या माणसाबरोबर जाताना हाच प्रश्न सगळ्यात कामाचा.

बाथरूम. टबात उभं राहून शॉवर घ्यायचा आहे की वेगळा शॉवर आहे? टबाचा काठ गुडघ्याएवढा उंच असतो आणि सत्तरीच्या माणसाला तो ओलांडणं धोक्याचं असतं. ‘वॉक-इन शॉवर’ असे शब्द वापरून मागा.

## ३. दर: काय धरलंय, काय नाही

दाखवलेल्या किमतीत इथला २० टक्के व्हॅट धरलेला असतो, तो वर लागत नाही. तीन प्रकारचे दर दिसतील: फक्त खोली, खोली आणि नाश्ता, खोली-नाश्ता-रात्रीचं जेवण. शाकाहारी कुटुंबाने तिसरा घेण्याआधी त्या रात्रीचा मेनू मागवावा. ठरलेल्या रकमेच्या जेवणात शाकाहारी पर्याय कित्येकदा एकच असतो आणि दोन्ही रात्री तोच समोर येतो.

‘अ‍ॅडव्हान्स’ किंवा ‘नॉन-रिफंडेबल’ दर थोडा स्वस्त, पण रद्द केल्यास पैसे परत नाहीत. आई-बाबांचा व्हिसा हातात नसताना हा दर घेऊ नका. रद्द करता येणारा दर घ्या आणि कोणत्या तारखेच्या किती वाजेपर्यंत रद्द करता येतं ते लिहून ठेवा. ती वेळ ब्रिटनमधली असते, भारतातली नाही.

दर बुकिंगच्या साइटवर बघा, पण शक्य तर बुकिंग थेट हॉटेलकडे करा. साइटवरच्या ‘विशेष विनंती’च्या चौकटीत लिहिलेलं हे आश्वासन नसतं, ती फक्त विनंती असते. थेट बुकिंगमध्ये खोलीचा नंबर पक्का करून घेता येतो.

कार्ड. चेक-इनला हॉटेल कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतं, वरखर्चासाठी. क्रेडिट कार्डावर ती नुसती मर्यादेतून वजा दिसते. डेबिट किंवा प्रीपेड फॉरेक्स कार्डावर मात्र तुमचे खरे पैसे अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस लागतात. प्रवासाचे सगळे पैसे एकाच फॉरेक्स कार्डात असतील तर पुढच्या गावात हात बांधलेले. म्हणून या कामासाठी क्रेडिट कार्ड ठेवा. भारतीय कार्ड असेल तर निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा. दुकानातला, ऑनलाइन आणि एटीएमचा, असे वेगवेगळे खटके असतात. तिन्ही बघा.

सावधान: मुलाने पैसे भरले आणि आई-बाबा एकटेच पोचले, तर रिसेप्शनला ज्या कार्डाने पैसे भरले ते कार्ड प्रत्यक्ष बघायचं असतं. ते समोर नसेल तर दुसरं कार्ड मागतात. ‘पैसे मी भरणार आहे, मी हजर नसेन’ हे आधी ईमेलने कळवा आणि त्यांचा कार्डधारकाच्या संमतीचा फॉर्म भरून द्या.

## ४. एक ईमेल, आणि उत्तर येईपर्यंत थांबा

फोनवर बोललात तरी नंतर ईमेल पाठवा. खालचे मुद्दे एकाच पत्रात, क्रमांक घालून:

१. पासपोर्टप्रमाणे सगळ्यांची पूर्ण नावं आणि वयं
२. कुठला पलंग, कुठला नंबर, खिडकीतून काय दिसतं
३. मुख्य दारापासून पायऱ्या किती
४. टब की वॉक-इन शॉवर
५. त्या तारखांना समारंभ, दुरुस्ती किंवा बंद असलेला भाग आहे का
६. जेवणाचं पथ्य (सातवा टप्पा वाचून मग लिहा)
७. पोचण्याची वेळ, लवकर खोली मिळेल का, सामान ठेवता येईल का
८. गाडी असेल तर पार्किंग आणि त्याचा दर

व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा जोडणार असाल तर बुकिंगच्या पत्रावर मुख्य पाहुण्याचंच नव्हे, सगळ्यांचं नाव घालून मागा.

तपासा: उत्तरात प्रत्येक क्रमांकाला उत्तर आहे का? ‘वुई विल डू अवर बेस्ट’ हे उत्तर नाही. त्या मुद्द्यावर पुन्हा विचारा. सगळं आलं की पैसे भरा.

## ५. निघण्याआधीचा आठवडा: नदी बघा

नोव्हेंबर ते मार्च यांदरम्यान जाणाऱ्यांनी हा टप्पा गाळू नये. टेम्स हळू चढते आणि हळू उतरते. पाऊस थांबल्यावरही काही दिवस पाणी वाढत राहू शकतं. जानेवारी २०२४ मध्ये या पट्ट्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं होतं.

सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की पुराची स्थिती दिसते. तीन पायऱ्या आहेत. ‘फ्लड अलर्ट’ म्हणजे पूर येऊ शकतो, तयारीत राहा. ‘फ्लड वॉर्निंग’ म्हणजे पूर अपेक्षित आहे, हालचाल करा. ‘सिव्हिअर फ्लड वॉर्निंग’ म्हणजे जिवाला धोका. पहिल्या पायरीवर बुकिंग रद्द करण्याची गरज नसते, पण हॉटेलला फोन करून दोन गोष्टी विचारा: गाडी कुठे लावायची आणि यायचा रस्ता उघडा आहे का. खोल्या कोरड्या असल्या तरी नदीकडचं पार्किंग सगळ्यात आधी पाण्यात जातं.

नावेची सफर ठरवली असेल तर लॉकवरच्या (नावांना एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यावरच्या) पाट्यांचं बघा. पाण्याला ओढ असली की तिथे लाल पाटी लागते, म्हणजे कुठलीच नाव काढू नये. पिवळी पाटी असेल तर वल्ह्याच्या नावा काढू नयेत. सफर रद्द झाली तर पैसे परत मिळतात का, ते बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा.

## ६. हीथ्रो ते हॉटेल

टॅक्सी आधी ठरवली असेल तर हा टप्पा सोपा. रेल्वेने जायचं तर क्रम असा: हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन, हेज अँड हार्लिंग्टनला उतरून रेडिंगकडे जाणारी एलिझाबेथ लाइन, मेडनहेडला उतरून मार्लोची छोटी गाडी. लंडनच्या मध्यात जाऊन परत यायचं कारण नाही, तरी पुष्कळ लोक पॅडिंग्टनला जाऊन येतात.

सावधान, ऑइस्टर कार्ड (लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीचं कार्ड): हीथ्रोपासून हेजपर्यंत ते चालतं, पण वेस्ट ड्रेटनच्या पुढे चालत नाही. मेडनहेडला बाहेर पडताना अडकाल आणि दंडही होऊ शकतो. मेडनहेडपर्यंत कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं. मात्र प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड हवं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. सामान आणि ज्येष्ठ माणसं असतील तर मी सरळ मार्लोपर्यंतचं पूर्ण तिकीट आधीच काढायला सांगेन.

मेडनहेडहून निघालेली गाडी बोर्न एंडला थांबते आणि तिथून उलट्या दिशेने निघते. चालक डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला जातो. ‘गाडी परत चालली’ म्हणून घाबरून उतरू नका, मार्लोचा रस्ता तोच आहे. गर्दीच्या वेळी काही फेऱ्यांना बोर्न एंडला गाडी बदलावी लागते, तेव्हा फलाटावरची सूचना वाचा. गाड्या साधारण तासाला एक, म्हणजे एक चुकली तर तास गेला.

स्टेशन गावात, हॉटेल पुलापलीकडे. चालत पंधरा-वीस मिनिटं. चाकांच्या बॅगा असतील तर टॅक्सी आधी सांगून ठेवा. छोट्या स्टेशनाबाहेर ती उभी असेलच असं नाही.

मोठी गाडी भाड्याने घेणाऱ्यांनो, थांबा. मार्लोच्या पुलावर ३ टनांची मर्यादा आहे. २०१६ मध्ये एक अवजड मालट्रक पुलावर चढला आणि तपासणीसाठी पूल कित्येक आठवडे बंद ठेवावा लागला. आठ-दहा जणांच्या मिनीबसचं पूर्ण भारासह वजन सहज या मर्यादेपुढे जातं. हॉटेल पुलाच्या दक्षिणेला आहे, म्हणून एम-४ वरून आलात तर ए-४०४ घेऊन बिशमच्या बाजूने या. पूल ओलांडावाच लागत नाही. नकाशाचं अ‍ॅप गावातून नेऊ लागलं तर ऐकू नका.

भारतीय परवान्यावर पाहुण्याला इथे १२ महिन्यांपर्यंत मोटार चालवता येते. मिनीबसचे नियम वेगळे आहेत, ते भाड्याने देणाऱ्याकडून लेखी घ्या.

पोचल्यावर पहिलं काम: रिसेप्शनला गाडीचा नंबर नोंदवा. पार्किंगमध्ये बरेचदा नंबर टिपणारे कॅमेरे असतात. नोंद नसली की महिन्याभराने भाड्याच्या कंपनीमार्फत दंडाचं पत्र येतं, वर कंपनीचा प्रक्रिया खर्च वेगळा.

## ७. जेवण: ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका

इथल्या शाकाहारात अंडं बसतं. म्हणून वाक्य असं ठेवा: ‘नो मीट, नो फिश, नो एग. मिल्क इज फाइन.’ हे आधी ईमेलमध्ये, मग चेक-इनला आणि मग टेबलावर. तिन्ही वेळा सांगायला संकोच नको. रिसेप्शनची आणि स्वयंपाकघराची पाळी वेगळी असते.

इथे एक हत्यार तुमच्या हातात आहे. ब्रिटनमध्ये प्रत्येक हॉटेलला पदार्थातल्या १४ अ‍ॅलर्जनची, म्हणजे अ‍ॅलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांची, माहिती द्यावीच लागते. त्यात अंडं आहे, मासे आहेत, दूध आहे. ‘अ‍ॅलर्जन चार्ट’ मागा आणि स्वतः बघा, केकमध्ये अंडं आहे का हे वेटरच्या आठवणीवर सोडू नका. पण त्या १४ मध्ये मांस नाही आणि जिलेटिनही नाही. म्हणजे मूस, पॅना कोटा, मार्शमेलो यांत जनावराचं जिलेटिन असलं तरी चार्टवर दिसणार नाही. ते वेगळं विचारा. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, तेही चार्टवर नसतं. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो, तो चार्टवर दिसतो.

चिप्स मागवताना विचारा की त्याच तेलात मासे तळतात का. नाश्त्याला सॉसेज आणि बेकन डुकराचं, ब्लॅक पुडिंग रक्ताचं. मशरूम आणि टोमॅटो शाकाहारी दिसतात, पण एकाच तव्यावर परततात. ‘सेपरेट पॅन, प्लीज’ एवढं म्हटलं तर बहुतेक ठिकाणी वेगळ्या भांड्यात करून देतात. जैन जेवण हवं असेल तर किमान दोन दिवस आधी लिहा आणि ‘जैन’ शब्दावर न थांबता कांदा, लसूण, बटाटा, गाजर अशी यादी द्या.

वेळा लिहून घ्या. दुपारचं जेवण साधारण अडीचला संपतं, रात्रीचं सहाच्या आसपास सुरू होतं, आणि शेवटची ऑर्डर नऊच्या सुमारास. आठच्या जेवणाला सव्वानऊला खाली उतरणारी आपली सवय इथे उपाशी ठेवते. टेबल बुकिंगशिवाय खोलीच्या पाहुण्यालाही जागा मिळत नाही, विशेषतः नदीकडची. आफ्टरनून टी बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशीपर्यंत सांगावा लागतो. बिलात साडेबारा टक्क्यांच्या आसपास सेवाशुल्क दिसलं तर वर टीप द्यायची नाही.

## ८. खोलीत शिरल्यावर, बॅगा उघडण्याआधी

रिसेप्शनवर सोळा वर्षांवरील प्रत्येकाचं नाव आणि राष्ट्रीयत्व नोंदवतात. पासपोर्ट दाखवायला मागतात, तो सगळ्यांचा हाताशी ठेवा.

खोलीत गेल्यावर खिडकी, पलंग, शॉवर आणि पायऱ्या ईमेलशी ताडून बघा. फरक असेल तर लगेच खाली या. बॅगा उघडल्या, पलंगावर लोळलात आणि तासाभराने तक्रार केलीत, तर तोवर रिकामी खोली दुसऱ्याला गेलेली असते.

मग बाथरूम. हे नीट वाचा, कारण सगळ्यात महाग चूक इथे होते. इथल्या बाथरूमच्या फरशीला उतार नसतो आणि पाणी जायला जाळी नसते. फरशी म्हणजे कोरडी जागा. बादली भरून बाहेर बसून आंघोळ केली, किंवा शॉवरचा पडदा टबाबाहेर लोंबत ठेवला, की पाणी लाकडी तक्तपोशीतून खालच्या खोलीच्या छतावर उतरतं. जुन्या इमारतीत ते छत चुना-प्लास्टरचं असतं आणि दुरुस्तीचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. पडद्याचं खालचं टोक टबाच्या आत, दारापाशी पायपुसणं, आणि नळ अर्धा. टमरेल किंवा मग घरून न्या, पण वापर कमोडपाशी आणि बेताने. आई-बाबांना हे पहिल्या संध्याकाळी शांतपणे दाखवा.

दिव्याचं बटण बाथरूममध्ये नसतं, छतातून दोरी लोंबते. पांढरी दोरी दिव्याची. लाल दोरी दिसली तर ती मदतीच्या घंटेची, ती ओढू नका. गरम आणि गार पाण्याचे नळ वेगळे असू शकतात आणि गरम म्हणजे पोळण्याइतकं गरम. मुलांना आधी सांगा. बाथरूममधल्या छोट्या सॉकेटवर फक्त दाढीचं मशीन किंवा टूथब्रश चालतो.

व्होल्टेज आपल्याच इतकं, २३०. कन्व्हर्टर नको, चपट्या तीन पिनांचा अ‍ॅडॉप्टर हवा. जुन्या खोल्यांत सॉकेट कमी असतात, म्हणून भारतीय एक्स्टेंशन बोर्ड आणि एक अ‍ॅडॉप्टर पुरतो, पण फोनच्या चार्जिंगपुरताच.

सावधान: खोलीत उदबत्ती, निरांजन, इंडक्शन, कुकर काहीही नाही. लाकडी इमारत आहे आणि धुराचा अलार्म एका खोलीत वाजला तरी मध्यरात्री सगळं हॉटेल बाहेर काढतात. बाथरूमची वाफसुद्धा अलार्म वाजवू शकते, म्हणून आंघोळीच्या वेळी दार लावून पंखा सुरू ठेवा. किटलीत फक्त पाणी, दूध उकळायचं नाही. चहासाठी ताजं दूध रिसेप्शनला मागितलं की देतात. किटलीत पांढरे कण तरंगताना दिसले तर तो चुनखडीच्या जड पाण्याचा थर आहे, अपाय नाही.

हिवाळ्यात रेडिएटरच्या टोकाच्या गोल चावीवर १ ते ५ आकडे असतात. ३ वर ठेवा आणि अर्धा तास वाट बघा. ५ वर फिरवून लवकर तापत नाही, नंतर मात्र असह्य होतं.

## ९. नदीकाठी

हॉटेलच्या हिरवळीला नदीकडे कठडा असेलच असं नाही. गवत संपतं आणि पाणी सुरू होतं. चालायला लागलेलं मूल असेल तर एका मोठ्या माणसाने दुसरं काही न करता त्याच्यावरच लक्ष ठेवायचं. बंधाऱ्याजवळ पोहू नका, पाण्यात पाय सोडून बसू नका. वरून संथ दिसणारं पाणी तिथे खाली खेचतं, आणि भर उन्हाळ्यातही गार असतं. काठावर फेकायची दोरी किंवा तरंगतं कडं कुठे लावलंय ते आल्या आल्या बघून ठेवा. आपत्कालीन क्रमांक ९९९.

राजहंसांना पाव घालू नका, आणि पिल्लं बरोबर असताना जवळ जाऊ नका. नर अंगावर येतो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गेलात तर राजहंसांची वार्षिक गणना करणाऱ्या लाल गणवेशातल्या माणसांच्या नावा मार्लोवरून जाताना दिसू शकतात. त्यांची वेळ आदल्या दिवशी रिसेप्शनला विचारा.

## १०. निघताना

खोली सोडायची वेळ दहा किंवा अकरा. आदल्या रात्रीच बिलाचा कच्चा कागद मागून घ्या, म्हणजे सकाळी रांगेत उभं राहून भांडावं लागत नाही. त्यात नाश्ता दोनदा लागलाय का, पार्किंग धरलंय का, मिनीबारची नोंद बरोबर आहे का ते बघा. कार्ड मशिनने ‘रुपयांत की पौंडांत?’ विचारलं तर पौंड निवडा, रुपयांचा दर जवळपास नेहमी महाग पडतो.

विमान संध्याकाळी असेल तर सामान रिसेप्शनला ठेवून पावती घ्या. चेक-इनला अडवलेली रक्कम त्याच क्षणी मोकळी करायला सांगा आणि बिलाची प्रत जपून ठेवा. आठ-दहा दिवसांत रक्कम सुटली नाही तर ती प्रत जोडून आधी हॉटेलला लिहा, त्यांच्याकडून रक्कम सोडल्याचा लेखी निरोप घ्या आणि तो घेऊन बँकेकडे जा.